पाचव्या कागदावरची शांतता

१

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी देवासच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चाचणीच्या पाचव्या कागदावर लाल पेनाने ‘संशयास्पद’ असा शब्द लिहिला गेला. लिहिणारे ग्रंथपाल नीलकंठराव सरमंडल होते. लिहून झाल्यावर त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि चहा मागवला.

चाचणी माणसांची नव्हती, एका सूचनापत्रकाची होती. देवास आणि धार इथल्या दोन महाविद्यालयांनी मिळून जुन्या मराठी मासिकांतले सहा हजार लेख ऑनलाइन संग्रहात ठेवले आहेत. लेख आहेत, पण ते शोधायचे कसे हे वाचकांना कळत नाही. त्यासाठी नीलकंठरावांनी तीन वर्षांपूर्वी नऊ पानांची पुस्तिका लिहिली होती. ‘वाचकाने प्रथम शांतचित्ताने संगणकासमोर स्थानापन्न व्हावे’ हे तिचे पहिले वाक्य. कॉलेजची मुले हिंदीत शिकलेली. स्थानापन्न होण्याआधीच ती उठून जात.

सहायक ग्रंथपाल श्रिया तारे, वय सव्वीस, हिने त्याऐवजी एकच पान तयार केले. डावीकडे मराठी, उजवीकडे हिंदी, सात पायऱ्या. प्राचार्यांनी अट घातली: पाच वाचकांना हे पान द्या, तीन लेख शोधायला सांगा. मदत करायची नाही. प्रत्येक लेख पाच मिनिटांच्या आत सापडला पाहिजे. पाचपैकी चार जण पास झाले तर हे पान दोन्ही गावांत लागेल. नाही तर नऊ पाने आहेत तशी राहतील.

शनिवारी चाचणी झाली. तिघे पास. बीएस्सीचा एक विद्यार्थी नापास. त्याने पान उलटे ठेवून त्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि शेवटपर्यंत उचलली नाही. पाचव्या होत्या भवानीबाई जगदाळे, वय बाहत्तर, ग्रंथालयाच्या बाहेरच्या सदस्य. त्यांनी तिसरा लेख दोन मिनिटे चाळीस सेकंदांत शोधला. चारचा आकडा त्यांच्यामुळे पुरा झाला.

तिसऱ्या लेखाच्या चिठ्ठीवर एवढेच लिहिले होते: ‘लेखक उदाजीराव मोहिते. विषय आंबे. लेख उघडा.’ लेख शोधायचा तर चौकटीत लेखकाचे नाव टाइप करायचे, ही पत्रकातली चौथी पायरी.

सोमवारी संगणकावरची नोंद तपासली गेली. चौकटीत कोणी काय टाइप केले ते तिथे आपोआप उतरते. भवानीबाईंच्या नावापुढे तिसऱ्या लेखासाठी काहीही नव्हते. लेख उघडला होता, पण त्यांनी एक अक्षरही टाइप केलेले नव्हते.

२

“म्हणजे कोणीतरी लेख उघडून दिला,” नीलकंठराव प्राचार्यांना म्हणाले. “आणि मागच्या खुर्चीत श्रियाच बसली होती.”

प्राचार्यांनी गुरुवारपर्यंत मुदत दिली. तोवर उत्तर मिळाले नाही तर पान रद्द, आणि धारच्या संग्रहाच्या कामावरूनही श्रियाचे नाव कमी.

धारच्या महाविद्यालयाने आपल्या वतीने सरला मुजुमदार यांना पाठवले. सरलाताई तिथल्या निवृत्त प्राध्यापिका. बत्तीस वर्षे त्यांनी परीक्षा केंद्रांवर नकला पकडल्या. बुटाच्या तळव्यावर लिहिलेले भूगोलाचे उत्तर त्यांनी एकदा विद्यार्थ्याच्या चालण्यावरून ओळखले होते, असे धारमध्ये सांगतात. त्या स्वतः म्हणतात, तो मुलगा लंगडतच होता.

मंगळवारी सकाळी दहाला त्या देवासला पोचल्या. पहिली भेट श्रियाची.

“तू सांगितलंस का?”

“नाही, काकू.”

“खूण केलीस? खोकलीस?”

“खोकला आला होता, पण मला नाही.” श्रियाने रजिस्टर पुढे ओढले. “आमचा नियमच आहे. वाचक अडकला तरी मी गप्प बसायचं. अडकला की पान चुकलं, माणूस नाही. त्याला मदत केली तर माझ्याच पानाची चूक लपते. मग मला त्याचा काय फायदा?”

“चारचा आकडा पुरा होतो.”

श्रियाने रजिस्टर मिटले. मग म्हणाली, “त्या बसल्या, मोठ्यानं चिठ्ठी वाचायला लागल्या. आम्ही सगळ्यांना सांगतो, मनात येईल ते बोलत राहा. पहिल्या दोन लेखांना त्या एवढ्या बोलल्या की हर्षितला हसू आवरेना. तिसऱ्याला ‘लेखक’ म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मी वहीत लिहून घेत होते. वर पाहिलं तर आंबे पडद्यावर.”

चाचणीआधी प्रत्येक वाचकाने एक फॉर्म भरला होता. भवानीबाईंचे अक्षर वळणदार, जुने. नाव, पत्ता, शिक्षण. ‘घरातील संपर्क’ या रकान्यात लिहिले होते: ‘रणवीरचा धाकटा भाऊ, पीथमपूर’ आणि पुढे मोबाइल नंबर.

“नातवाचं नाव विसरली असेल आजी,” मागून हर्षित म्हणाला.

हर्षित शितोळे संगणक विभाग सांभाळतो. नोंदी त्याच्याच ताब्यात असतात.

“तू नोंद पुसू शकतोस?” सरलाताईंनी विचारले.

“पुसू शकतो, मॅडम. सीधी बात. पण मी काहून पुसू? श्रियाला फसवायला? शनिवारी तिनंच मला पोहे खिलवले.”

“फसवायला नाही, वाचवायला. नोंदीत असं काही असेल जे दिसायला नको होतं, तर?”

हर्षितने डोके खाजवले. “अरे भिया,” तो स्वतःशीच म्हणाला, “हे तर मी सोचलंच नव्हतं.”

नीलकंठरावांनी सरलाताईंना आपल्या खोलीत बसवले. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मागे काचेचे कपाट, त्यात पुस्तिकांचा गठ्ठा.

“किती आहेत?”

“पन्नास छापल्या होत्या. एकोणपन्नास आहेत. एक कुठे गेली देव जाणे, मी रजेवर असताना गेली.”

“तीन वर्षांत कोणी नेली नाही?”

“लोकांना वाचायचं नसतं, सरलाताई.” ते खिडकीकडे पाहत होते. “त्यांना एका पानात हवं असतं. तेही अर्धं हिंदीत.”

“शनिवारी तुम्ही खोलीत होतात?”

“कोपऱ्यात. पाहायला.”

“मग खोकला कोणाचा?”

नीलकंठरावांनी खिडकीवरून नजर काढली. “माझा,” ते म्हणाले. “वेलची अडकली होती.”

“भवानीबाईंना तुम्ही फोन केला होता ना?”

“काल केला. विचारलं, तुम्हाला लेख कोणी सांगितला? म्हणाल्या, कोणी नाही. मी परत विचारलं. त्यांनी फोन ठेवला. धारला माहेरी गेल्यात, भाच्याच्या मुलाचं बारसं आहे म्हणे.” त्यांनी बोटाने टेबलावर टकटक केले. “निर्दोष माणूस असा फोन ठेवतो का?”

“बारशाच्या घरात ठेवतो,” सरलाताई म्हणाल्या.

३

चाचणीत प्रत्येकाचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले होते. दुपारी दोन वाजता सरलाताई, श्रिया आणि हर्षित पाचही मुद्रणे ऐकायला बसले.

पहिल्या चौघांत एक आवाज सारखा येत होता. ग्रंथालयाचा कीबोर्ड जुना आहे. एकेक बटण काडी मोडल्यासारखे खट्कन वाजते. टाइप करणारा माणूस शेजारच्या खोलीतही ऐकू येतो.

मग पाचवे. पहिला लेख. “आता हे म्हणतंय चौकटीत लिहा. लिहिते बापा. ह कुठाय? ह सापडत नाही. श्रियाबाई, तुम्ही सांगणार नाही, मला ठाऊक आहे, बसा गप्प.” खट्, खट्, खट्. दुसरा लेखही तसाच. खट्, खट्, आणि मध्ये शेवेच्या भाजीची एक पाककृती.

तिसरा. “तिसरी चिठ्ठी. लेखक...”

शांतता. बांगड्यांची हालचाल. एक खोकला. माऊसचे हलके क्लिक, मोठा खंड, पुन्हा क्लिक. चाक फिरवल्याची किरकिर. आणि शेवटी भवानीबाई, अगदी समाधानाने: “हे घ्या. आंबे.”

सरलाताईंनी ते चारदा ऐकले. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि एकेक आवाज बोटांवर मोजला.

“हर्षित, तू सुटलास,” त्या म्हणाल्या.

“कसा काय?”

“तू नोंद पुसली असतीस तर इथं कीबोर्ड वाजायला हवा होता. नोंद पुसता येते, आवाज पुसलेला नाही. या मुद्रणात एकही खटका नाही. त्यांनी खरंच काही टाइप केलं नाही.”

“मग श्रिया?”

“श्रियानं काय सांगितलं असतं? नाव चिठ्ठीवर होतंच. फार तर लेखाचा नंबर सांगितला असता. नंबरही टाइपच करावा लागतो. खटका नाही म्हणजे नंबर नाही. आणि श्रियानं स्वतः माऊस हातात घेतला असता तर नीलकंठराव कोपऱ्यातून खोकून गप्प बसले नसते, ओरडले असते.”

श्रियाने इतक्या वेळात पहिल्यांदा श्वास सोडला.

“म्हणजे टाइप न करता आत जायचा रस्ता आहे,” सरलाताई म्हणाल्या. “कुठे आहे?”

हर्षित आणि श्रियाने एकमेकांकडे पाहिले. “नाही, मॅडम,” हर्षित म्हणाला. “पहले लेखकांची एक यादी होती. मागच्या वर्षी कंपनीनं साइटचा चेहरा बदलला, तेव्हा गेली. सरांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, यादी गेली.”

“दोन प्रश्न राहिले,” सरलाताईंनी पर्स उचलली. “रस्ता कुठे आहे, हा एक. दुसरा जास्त महत्त्वाचा. ज्या बाई दोन लेखांसाठी एवढ्या हौसेनं टाइप करत होत्या, त्यांनी तिसऱ्याला कीबोर्डला हात का लावला नाही?”

४

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता धारमध्ये बारशाच्या घरी जिलब्या तळणे चालू होते. पाळण्याला झेंडूच्या माळा. बाळाला घरात तूर्त सगळे चिऊ म्हणत होते, मुलगा असूनही.

भवानीबाईंनी सरलाताईंना हाताला धरून आत नेले. “तुम्ही चौकशीवाल्या ना? आधी खा. मग पकडा.”

बायकांचा घोळका पाळण्याभोवती बसला होता. भवानीबाई इथे सगळ्यांच्या आत्यासाहेब होत्या. कोणीतरी त्यांच्या नातवांची खुशाली विचारली.

“रणवीर बंगळुरूला. रणवीरचा धाकटा पीथमपूरला, गाड्यांच्या कारखान्यात. सकाळची शिफ्ट, बस पावणेसहाला.”

“धाकट्याचं नाव काय हो, आत्यासाहेब?” एका तरुण सुनेने विचारले. तिचे डोळे मिश्कील होते.

“सांगितलं ना, रणवीरचा धाकटा.”

“नाव विचारतेय मी.”

“तुला ठाऊक आहे की.”

“मला आहे. या पाहुण्याबाईंना कुठाय?”

घोळका खदाखदा हसला. भवानीबाई हसू दाबत पाळण्याची माळ नीट करू लागल्या. दुसरी एक बाई सरलाताईंना म्हणाली, “त्या नाही सांगायच्या. पणजोबांचं नाव ठेवलंय ना त्याला. आत्यासाहेबांचे सासरे. पन्नास वर्षं झाली, त्यांनी ते नाव तोंडातून काढलेलं नाही. घरात दोन उदाजीराव, आणि यांच्या तोंडी एकही नाही.”

सरलाताईंच्या हातातली जिलबी तशीच राहिली.

लेखक उदाजीराव मोहिते. मोहित्यांचा जगदाळ्यांशी काही संबंध नव्हता. पण नाव तेच होते. ते मोठ्याने वाचायचे होते, म्हणून ध्वनिमुद्रणात शांतता होती. फॉर्मवर लिहायचे होते, म्हणून तिथे रणवीरचा धाकटा भाऊ होता.

“काकीसाहेब,” सरलाताई जवळ सरकल्या, “जे बोलायचं नाही ते टाइपही करायचं नाही, असं?”

“बोलायचं नाही ते लिहायचं कसं? बोटं काय वेगळ्या घरची आहेत?” भवानीबाई म्हणाल्या. “आणि मला कळतं हो, आताच्या मुली नवऱ्याला नावानं हाका मारतात. मारोत. छान वाटतं ऐकायला. मला सवय नाही एवढंच.”

“हे नीलकंठरावांना फोनवर का नाही सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं? मी म्हटलं, कोणी नाही. खरं तेच बोलले. ते परत तेच. इकडे पाळणा बांधायचा होता.”

“मग मी वेगळं विचारते. तुम्ही शोधलंत कसं?”

भवानीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “चला,” त्या म्हणाल्या. “आत्ता कुणीतरी धड प्रश्न विचारला.”

त्यांनी कोपऱ्यातली कापडी पिशवी ओढली. चष्म्याचे घर, लोकरीचा गुंडा, आणि त्याखालून वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले काहीतरी पातळसे. कव्हर दूर केल्यावर सरलाताईंना नीलकंठरावांचे काचेचे कपाट आठवले. त्यात एकोणपन्नास होत्या.

पन्नासावी त्यांच्या समोर होती. सातव्या पानात लोकरीचा हिरवा धागा.

५

गुरुवारी सकाळी अकराला समिती बसली. प्राचार्य, नीलकंठराव, श्रिया, हर्षित. सरलाताई धारहून पहिल्या बसने आल्या, बरोबर भवानीबाई आणि बारशाचे पेढे. बाळाचे नाव फत्तेसिंग ठेवले होते.

सरलाताईंनी काही बोलण्याआधी संगणकाच्या कीबोर्डची तार उपटली आणि कीबोर्ड नीलकंठरावांच्या मांडीवर ठेवला.

“सांभाळा,” त्या म्हणाल्या. “काकीसाहेब, बसा.”

भवानीबाई स्थानापन्न झाल्या. पडद्याच्या कोपऱ्यात तीन बारक्या आडव्या रेघा होत्या. कोणालाही त्या नक्षी वाटल्या असत्या. भवानीबाईंनी त्यावर माऊस नेला. यादी उघडली. तिच्यातली पहिली काही अक्षरे सोडून त्यांनी एक निवडले, चाक फिरवले, एका नावावर क्लिक केले. आंबे. एक मिनिट पन्नास सेकंद.

“यादी आहे?” हर्षित उभाच राहिला. “ती तर गेली होती ना, सर?”

“पुस्तिकेत म्हटलंय,” भवानीबाई म्हणाल्या, “ज्यास नाव लिहिणे अवघड वाटेल त्याने अनुक्रमाचे अवलोकन करावे. पान सात. मी म्हटलं, छापलंय म्हणजे असणारच. जाईल कुठे? सगळीकडे दाबून पाहिलं. त्यालाच वेळ गेला.”

नीलकंठराव मांडीवरच्या कीबोर्डकडे पाहत होते.

“तुम्ही पान सात वाचलंत?” त्यांनी विचारले.

“नऊच्या नऊ वाचली. सदस्य झाले तेव्हा काउंटरवर पडली होती, घेतली. आठव्या पानावर एक ओळ दोनदा छापलीय, तेवढी सुधारून घ्या.”

“ठाऊक आहे,” नीलकंठराव हळूच म्हणाले. “छापखान्याची चूक. आजवर कोणी सांगितलं नव्हतं.” त्यांनी पाचवा कागद ओढला, लाल पेनाने ‘संशयास्पद’वर रेघ मारली आणि खाली सही केली. “श्रिया, मी चुकलो.”

प्राचार्य म्हणाले, “म्हणजे चार झाले. पान मंजूर.”

“नाही, सर,” श्रिया म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

“काकीसाहेबांना लेख सापडला, पण माझ्या पानामुळे नाही सापडला. माझ्या पानावर त्यांच्यासाठी रस्ताच नव्हता. त्या सरांच्या पुस्तिकेमुळे पास झाल्या. माझ्या पानाला पाचपैकी तीनच.” तिने आपले पान टेबलावर उलटे ठेवले. “पान नापास आहे.”

हर्षितने कपाळावर हात मारला. “ही पोरगी ना, मॅडम.”

सरलाताईंनी बत्तीस वर्षांत शेकडो नकला पकडल्या होत्या. स्वतःचे गुण स्वतः कमी करून घेणारे परीक्षार्थी त्यांना आठवेनात. त्यांनी पेढ्यांचा डबा श्रियापुढे सरकवला.

बोलले ते नीलकंठराव. “सात पायऱ्या आहेत ना? खाली जागा आहे. आठवी घाल. पण भाषा तुझी. माझं ‘अवलोकन’ नको.” मग म्हणाले, “आणि पुन्हा चाचणी घ्या. धारला. मी कोपऱ्यात बसणार नाही.”

“बसा की,” भवानीबाई म्हणाल्या. “वेलची खाऊ नका म्हणजे झालं.”

६

आठवी पायरी अशी आहे: ‘नाव टाइप करायचे नसेल तर कोपऱ्यातल्या तीन रेघांवर क्लिक करा. यादीत नाव निवडा.’ उजवीकडे तेच हिंदीत. कारण लिहिलेले नाही. श्रियाने ते मुद्दाम लिहिले नाही. चाचणीत कोणी विचारलेही नाही.

पुढच्या शनिवारी धारला पाच नव्या वाचकांवर चाचणी झाली. पाचही पास. सगळ्यात जास्त वेळ चार मिनिटे वीस सेकंद. पान सोमवारी दोन्ही महाविद्यालयांत लागले. पन्नासावी पुस्तिका नीलकंठरावांनी परत मागितली नाही. आठव्या पानावरची जादा ओळ मात्र त्यांनी एकोणपन्नास प्रतींत हाताने खोडली.

हर्षितने नोंदीत बदल केला आहे. आता टाइप केलेले शब्दच नव्हेत, यादीवरचे क्लिकही उतरतात.

त्या नोंदीनुसार धारच्या ग्रंथालयात सोमवारपासून गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत आठवी पायरी नऊ वेळा वापरली गेली. प्रत्येक वेळी दुपारी तीन ते चारच्या दरम्यान. यादीतली सहा वेगवेगळी अक्षरे उघडली गेली: उ, त, न, फ, य, र. चौकटीत एकदाही काही टाइप झालेले नाही. भवानीबाई त्या चार दिवसांत देवासलाच होत्या.

त्या नऊ नोंदी कोणाच्या, हे अद्याप कळलेले नाही. सरलाताईंना विचारले असता त्या म्हणाल्या की त्यांना कोणी चौकशी करायला सांगितलेले नाही, आणि सांगितले तरी त्या जाणार नाहीत.